रोज बाळगण्याचे छोटे रिव्हॉल्व्हर : ६४२, एलसीआर आणि .३२ चा पर्याय

छोटे रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात गेलेला माणूस आधी ते हातात तोलून पाहतो आणि जे सर्वांत हलके, तेच त्याला सर्वांत चांगले वाटते. काउंटरवर ही निवड अगदी बरोबर भासते, कारण तिथे गोळी झाडायची नसते. रेंजवर गेल्यावर लक्षात येते की काडतुसातल्या दारूचा जोर सर्वांसाठी सारखाच असतो आणि हत्यार जितके हलके, तितका तो जोर तळहातात उतरतो. म्हणून अशा हत्याराची पारख करताना माझी मुख्य कसोटी एकच राहिली आहे : हे रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस दर महिन्याला रेंजवर जाऊन त्यातून पन्नास गोळ्या मनापासून झाडेल का? जो झाडणार नाही, त्याने ते बाळगण्यात अर्थ नाही. किंबहुना सराव नसलेल्या हातातले हत्यार त्याच्यासाठी आणि त्याच्या आसपासच्या माणसांसाठी धोक्याचेच असते.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि पुढचे विवेचन अमेरिकेतल्या बाजाराबद्दल आणि कायद्याबद्दल आहे. इथल्या मराठी वाचकांपैकी पुष्कळांच्या बाबतीत हा विषय पहिल्याच पायरीवर थांबतो, म्हणून ती पायरी आधी सांगतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही मोजके अपवाद आहेत, परंतु त्यांच्या आधारावर काही करण्याआधी वकिलाचा सल्ला घेणेच शहाणपणाचे. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने नेम मारून पाहणे हेही ‘जवळ बाळगणे’ या व्याख्येत येऊ शकते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना खरेदी करता येते. विक्रेत्याकडे ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि परवानाधारक विक्रेत्याकडून हातबंदूक घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या अर्जात खोटी माहिती देणे हा गंभीर गुन्हा आहे आणि स्थलांतरिताच्या बाबतीत त्याचे परिणाम तुरुंगवासापुरतेच मर्यादित राहत नाहीत.

आता मूळ प्रश्न. सिग सॉअरचे पी३६५ हे पिस्तूल २०१८ मध्ये बाजारात आले, आणि जवळपास १८ औंस वजनात दहा काडतुसांचे मॅगझीन बसवता येते हे त्याने दाखवून दिले. अशा काळात पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर कोणी का घ्यावे? याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की सर्वांनी घेऊ नये. कमरेला पट्टा लावून नीट होल्स्टर (हत्यार ठेवायचे म्यान) वापरणाऱ्या आणि नियमित सराव करणाऱ्या माणसाला ते पिस्तूल अधिक उपयोगाचे ठरेल. रिव्हॉल्व्हरची जागा वेगळी आहे. खिशात ठेवायचे असेल, कपडे रोज बदलत असतील, बोटांत पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढण्याइतका जोर नसेल, किंवा मनगट सैल पडून पिस्तूल अडकण्याची भीती असेल, तर रिव्हॉल्व्हरची साधी यंत्रणा उपयोगी पडते. काडतूस फुटले नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे काडतूस नळीसमोर येते. शिवाय त्याची मूठ आणि चौकट गोलसर असल्यामुळे पातळ कापडाच्या खिशातून ते पिस्तुलासारखे उठून दिसत नाही.

या वर्गातले मूळ हत्यार म्हणजे स्मिथ अँड वेसनची जे फ्रेम, म्हणजे त्या कंपनीची छोट्या आकाराची चौकट. १९५० मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या अधिवेशनात कंपनीने .३८ स्पेशल काडतुसाचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर मांडले आणि त्यावरून त्याला ‘चीफ्स स्पेशल’ हे नाव मिळाले. पुढे त्यालाच मॉडेल ३६ म्हणू लागले. कंपनीला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या १९५२ च्या सुमारास ‘सेंटेनियल’ हा प्रकार आला. त्यात घोडा (चाप ओढल्यावर आपटून काडतूस फोडणारा भाग) पूर्णपणे चौकटीच्या आत झाकलेला होता, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकायला बाहेर काही उरले नाही. आजचे मॉडेल ६४२ हे त्याच सेंटेनियलचे वंशज आहे. चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, सिलिंडर (काडतुसे ठेवणारा फिरता भाग) स्टेनलेस स्टीलचे, नळी दोन इंचांहून किंचित आखूड आणि रिकामे वजन सुमारे साडेचौदा औंस, म्हणजे ४१० ग्रॅमच्या जवळपास. याच रिव्हॉल्व्हरची काळ्या रंगातली आवृत्ती म्हणजे ४४२. दोन्हींची किंमत पाचशे डॉलरच्या आसपास असते, आणि जुनी पण चांगल्या स्थितीतली त्याहून स्वस्त मिळतात.

६४२ चे गुण खिशात ठेवल्यावर कळतात. त्याच्या पाठीचा आकार गोल आणि गुळगुळीत आहे. छोटी ‘बूट ग्रिप’ लावली तर बसताना-उठताना ते हलत नाही आणि हात खिशात घातला की मूठ आपोआप पकडीत येते. बाहेर घोडाच नसल्याने मूठ जितकी उंच धरता येईल तितकी उंच धरावी. पकड जितकी उंच, तितके गोळी झाडल्यावर नळीचे वर उसळणे कमी. सत्तर वर्षांहून अधिक काळ हाच आकार चालत आल्यामुळे होल्स्टर, मुठी, पट्ट्या, स्पीडलोडर (सगळी काडतुसे एकदम भरायचे साधन) असे त्याचे सामान कुठल्याही दुकानात मिळते. नव्या नावाच्या हत्याराला ही सोय अनेक वर्षे मिळत नाही, आणि खरेदीच्या वेळी तिचा विचार क्वचितच केला जातो.

दोष दोन आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला चापाचा. कारखान्यातून आलेल्या ६४२ चा चाप साधारण बारा पौंड जोर मागतो, आणि ओढताना शेवटच्या टप्प्यात तो जोर अधिकच वाढल्यासारखा वाटतो. जितके हत्याराचे वजन, त्याच्या सुमारे तेरापट जोर बोटाने लावायचा आणि तो लावताना हत्यार हलू द्यायचे नाही, हे नवख्याला जमत नाही. सरावाने जमते, पण त्यासाठी घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, खोट्या काडतुसांवर, रोज थोडा वेळ ड्राय फायर, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याचा सराव, करावे लागते. दुसरा दोष नेम धरण्याच्या साधनांचा. पुढची साइट नळीसह एकाच धातूत घडवलेली, त्याच राखाडी रंगाची, आणि मागे चौकटीत कोरलेली उथळ खाच. दुपारच्या उन्हात ती चकाकते आणि संध्याकाळी दिसेनाशी होते. पुढच्या साइटवर भडक केशरी एनॅमल रंग लावणे हा जुना आणि स्वस्त उपाय आहे आणि तो प्रत्येकाने करावा. आणखी एक बाब खरेदीआधी पाहण्यासारखी आहे : २००१ नंतर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरांत अंतर्गत कुलूप बसवले, त्याचे छोटे भोक सिलिंडर उघडण्याच्या खटक्याच्या वर दिसते. ६४२ आणि ४४२ कुलुपाविनाही मिळतात. ज्या भागाची गरज नाही आणि जो आयत्या वेळी मध्ये येण्याची शंका मनात राहते, तो नसलेला बरा, म्हणून मी कुलुपाविनाची आवृत्तीच सुचवतो.

रुगर कंपनीचे एलसीआर २००९ मध्ये आले तेव्हा ते दिसायला अनेकांना विचित्र वाटले, कारण त्यात चापाची यंत्रणा ज्या भागात बसते तो भाग पॉलिमरचा आहे. वरची चौकट ॲल्युमिनियमची, सिलिंडर स्टीलचे आणि त्यावर खोल खाचा. .३८ मधल्या आवृत्तीचे वजन साडेतेरा औंस, म्हणजे ६४२ पेक्षाही थोडे कमी. या रिव्हॉल्व्हरची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचा चाप. आतल्या कॅमची (चापाची हालचाल पुढे पोचवणाऱ्या भागाची) घडण अशी आहे की ओढताना घर्षण कमी होते आणि जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो. दोन्ही रिव्हॉल्व्हर शेजारी ठेवून, डोळे मिटून चाप ओढून पाहिला तरी फरक कळतो. ज्याने याआधी रिव्हॉल्व्हर चालवलेले नाही, त्याच्या पहिल्या पाच गोळ्यांचे वर्तुळ एलसीआरने लहान येते, आणि ही गोष्ट मी नव्या लोकांना शिकवताना वारंवार पाहिली आहे. पुढची साइट पिनेने बसवलेली असल्यामुळे ती काढून मोठ्या ठिपक्याची किंवा अंधारात दिसणारी साइट लावता येते.

एलसीआरच्या वाट्याला येणारी उणीव खिशातली आहे. त्याच्यासोबत येणारी जाड रबरी मूठ रेंजवर हाताला सुख देते, पण तेच रबर खिशाच्या अस्तराला चिकटते आणि हत्यार बाहेर येताना कापड सोबत घेऊन येते. पाठीमागचा भागही ६४२ पेक्षा उंच आहे. कमरेच्या आत, पँटच्या पट्ट्यापाशी बाळगायचे असेल तर याचा काहीच त्रास नाही. खिशासाठी मात्र मूठ बदलावी लागते. चाप ओढल्यानंतर तो पूर्ण पुढे जाऊ देण्याची सवय कुठल्याही रिव्हॉल्व्हरवर लागतेच. पिस्तुलावर अर्ध्यातून पुन्हा चाप ओढायची सवय लागलेल्यांनी एलसीआरवर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण घाईत अर्धवट सोडलेला चाप पुन्हा ओढला तर गोळी सुटत नाही.

याच एलसीआरची .३५७ मॅग्नम या अधिक जोराच्या काडतुसाची आवृत्ती आहे, तिची वरची चौकट स्टीलची असल्यामुळे वजन १७ औंसांच्या थोडे वर जाते. माझ्या मते या सगळ्या मालिकेतले सर्वांत शहाणपणाचे हत्यार तेच आहे, मात्र त्यात मॅग्नम न घालता .३८ स्पेशलच घालावे. .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ चालते, उलट चालत नाही. सुमारे साडेतीन औंसांचा तो फरक खिशात जाणवत नाही, पण पन्नासाव्या गोळीपर्यंत हात थरथरत नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की आखूड काडतुसे वापरत राहिल्यास सिलिंडरच्या कोठ्यांत पुढे काजळीचे कडे साचते, ते ब्रशने घासून काढावे लागते.

स्टीलच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल थोडक्यात सांगतो. कोल्टने २०१७ मध्ये ‘कोब्रा’ हे नाव पुन्हा बाजारात आणले. सहा गोळ्या, वजन २५ औंस, चाप उत्तम. किंबरचे के६एस सहा गोळ्यांचे असूनही त्याचे सिलिंडर दीड इंचापेक्षा अरुंद आहे, आणि त्याची घडाई या सगळ्यांत देखणी आहे. किंमतही त्याच मानाने आहे. टॉरसचे ८५६ सहा गोळ्यांचे आणि सर्वांत स्वस्त, परंतु एकाच मॉडेलचे दोन नग हातात घेतले तर चापात फरक जाणवतो, म्हणून जो नग घ्यायचा त्याचाच चाप ओढून पाहावा. ही तिन्ही झाडायला सुखाची आहेत. पट्टा आणि चांगले होल्स्टर यांच्यासह कमरेला लावणाऱ्याला ती खुशाल घेता येतील. खिशात मात्र पाऊण किलोच्या आसपासचे वजन पँट खाली ओढते आणि दोन आठवड्यांत ते हत्यार कपाटात जाऊन बसते.

याच्या उलट टोकाला स्कँडियममिश्रित चौकट आणि टायटॅनियमचे सिलिंडर असलेले स्मिथ अँड वेसनचे ३४०पीडी आहे. बारा औंसांच्या आत वजन आणि काडतूस .३५७ मॅग्नम. त्याचे तंत्र कौतुकास्पद आहे, तरीही मी ते कुणालाही पहिले हत्यार म्हणून सुचवणार नाही. त्यातून मॅग्नम झाडणे वेदनादायक असते, आणि वेदनेपोटी माणूस गोळी सुटण्याच्या क्षणाआधीच मनगट झटकायला शिकतो. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो. दुसरी अडचण यांत्रिक आहे. इतक्या हलक्या हत्याराच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या जडत्वामुळे आपल्या कवचातून पुढे सरकतात. एखादी इतकी पुढे येते की सिलिंडर फिरतच नाही. (या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये अशी सूचना कोरलेली असते, पण ती टायटॅनियमच्या सिलिंडरची झीज टाळण्यासाठी आहे; ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक.) ज्या यंत्रणेचा सारा भरवसा ‘चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस’ यावर आहे, तिच्यात असा अडथळा आला तर रिव्हॉल्व्हर घेण्याचे कारणच उरत नाही.

अलीकडच्या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घडामोड २०२४ ची आहे. लिप्सीज या वितरक कंपनीच्या सहकार्याने स्मिथ अँड वेसनने ‘अल्टिमेट कॅरी’ नावाची मालिका काढली. तिच्यात ४४२ आणि ६४२ या .३८ च्या जोडीबरोबर ४३२ आणि ६३२ हे .३२ एच अँड आर मॅग्नमचे सहा गोळ्यांचे प्रकारही आहेत. अंतर्गत कुलूप नाही, पुढे अंधारात दिसणारा मोठा ठिपका, मागे यू आकाराची रुंद खाच, आणि चौकटीच्या पाठीवर उंच चढणारी मूठ. साध्या ६४२ च्या ज्या दोन दोषांबद्दल वर लिहिले, त्यांपैकी साइटचा दोष या मालिकेने पुरता दूर केला आहे आणि चापही आधीपेक्षा सफाईदार आहे. यातला .३२ चा प्रकार विशेष विचार करण्यासारखा आहे. .३२ एच अँड आर मॅग्नम हे काडतूस १९८४ मध्ये आले, त्याचा धक्का .३८ पेक्षा स्पष्टपणे सौम्य आणि काडतूस अरुंद असल्यामुळे त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये एक गोळी जास्त मावते. लहान हाताच्या व्यक्तीला, सांधेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना आणि .३८ च्या धक्क्याने सरावच नको म्हणणाऱ्याला मी आता निःशंकपणे हेच सुचवतो.

या सिलिंडरमध्ये .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे जुने, अधिक मवाळ काडतूसही चालते. भारतातल्या वाचकांना ते अपरिचित नाही. कानपूरच्या शस्त्रकारखान्यात परवानाधारकांसाठी बनणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर हेच काडतूस वापरते, आणि नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत सपाट तोंडाच्या गोळीचे हेच काडतूस झाडले जाते. सरावाला ते उत्कृष्ट आहे. अडचण एवढीच की .३२ ची दोन्ही काडतुसे .३८ पेक्षा महाग आहेत आणि छोट्या गावातल्या दुकानांत बहुधा मिळत नाहीत, त्यामुळे ती खोक्याने मागवून ठेवावी लागतात.

काडतुसांबद्दल एक इशारा .३८ घेणाऱ्यांनाही. ‘प्लस पी’ म्हणजे जास्त दाबाचे काडतूस. .३८ स्पेशलचा कमाल दाब १७ हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर प्लस पीचा २० हजार. आजची ६४२ आणि एलसीआर दोन्ही ते सोसतात. जुनी, वारशाने आलेली मॉडेल सोसतीलच असे नाही. परंतु दोन इंचांच्या नळीत त्या वाढीव दारूचा बराच भाग नळीबाहेर ज्वाळा होऊन जातो आणि हाताला मात्र पुरा धक्का बसतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधे, मवाळ पण नेमके लागणारे काडतूस मला अधिक पटते. १४८ ग्रेनचे सपाट तोंडाचे वॉडकटर हे या दृष्टीने अजूनही चांगले आहे, फक्त त्याच्या चौकोनी कडेमुळे घाईत पुन्हा भरताना ते कोठीत चटकन शिरत नाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांसाठी इथे वेगळी नोंद आवश्यक आहे, कारण एडिसन आणि आसपासच्या भागात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिलेल्या निकालानंतर तिथे ‘विशेष गरज’ सिद्ध न करताही बाळगण्याचा परवाना मिळू लागला. पण पोकळ टोकाच्या गोळ्या घराबाहेर अंगावर बाळगण्यावरचे निर्बंध त्या निकालाने गेले नाहीत. टोकाची पोकळी पॉलिमरने भरलेली हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्ससारखी काडतुसे त्या निर्बंधात येत नाहीत, असे तिथल्या राज्य पोलिसांचे म्हणणे आहे. टेक्सासहून गाडीने निघून न्यू जर्सीला नातेवाइकांकडे जाणाऱ्याने आपल्याकडचा परवाना तिथे चालेल असे गृहीत धरू नये. तो चालत नाही.

खिशात बाळगायचे म्हणजे खिशातल्या होल्स्टरमध्येच बाळगायचे. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारे, हत्यार बाहेर काढल्यावर खिशातच राहणारे होल्स्टर घ्यावे आणि त्या खिशात किल्ल्या, नाणी, पेन यांपैकी काहीही ठेवू नये. रिव्हॉल्व्हरला बाहेरून लावायचा खटका नसतो. त्याची सुरक्षितता जड चाप आणि तो चाप झाकणारे होल्स्टर या दोनच गोष्टींवर उभी असते. आठवड्यातून एकदा तरी खिशातला धुरळा आणि कापसाचे तंतू पुसून काढावेत. स्त्रियांसाठी प्रश्न अधिक अवघड आहे, कारण साडी किंवा सलवार-कमीज यांना होल्स्टर अडकवता येईल असा पट्टाच नसतो. अंगाला घट्ट बसणारा रुंद इलॅस्टिक पट्टा चालतो, मात्र त्यात चापावर कडक कवच असलेलाच निवडावा. पर्समध्ये ठेवणे मला मान्य नाही. पर्स खुर्चीला लटकते, मुलांच्या हाती लागते, आणि हिसकावणारा नेमकी तीच हिसकावतो.

इथल्या महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळीचे कार्यक्रम आणि रविवारची मराठी शाळा पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत भरतात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याविना हातबंदूक बाळगता येते, त्यामुळे अनेकांचा समज होतो की कुठेही बाळगता येते. शाळेच्या इमारतीत ती नेणे आजही गुन्हा आहे, परवाना असला तरी. शिवाय शाळेच्या परिसराबद्दलचा केंद्रीय कायदा त्या राज्याचा परवाना असलेल्यांना सवलत देतो, परवान्याविना बाळगणाऱ्यांना देत नाही. केवळ या एका कारणासाठीसुद्धा परवान्याचा वर्ग करून, परीक्षा देऊन तो घ्यावा असे मी आग्रहाने सांगतो. तो घेताना कायद्याचे जे काही तास बसावे लागते, ते वाया जात नाहीत.

चालवण्याबद्दल तीन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाहीत. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून दर गोळीला तप्त वायू बाजूला फुटतो. पिस्तुलावर दोन्ही अंगठे पुढे ताणून धरायची सवय असलेल्यांनी रिव्हॉल्व्हरवर अंगठा त्या फटीजवळ कधीही नेऊ नये. दोन इंची नळीखालचा दांडा आखूड असल्यामुळे तो रिकामी कवचे पूर्ण बाहेर ढकलत नाही, म्हणून नळी आकाशाकडे करून दांडा एकदाच जोरात दाबावा. हळूहळू दाबला की एखादे कवच अडकून राहते. आणि सिलिंडरच्या मागच्या चांदणीसारख्या भागाखाली न जळलेल्या दारूचे कण साचले तर सिलिंडर बंद होताना घट्ट होते आणि चाप अचानक जड लागतो. स्वच्छ करताना तिथे जुन्या दातांच्या ब्रशने दोन हात मारावेत. जुने रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या परवानगीने, ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, चाप अगदी सावकाश ओढून पाहावा. घोडा पडण्याआधी सिलिंडर जागेवर पक्के बसले पाहिजे. बसत नसेल तर ते हत्यार परत ठेवावे.

आता माझा कौल. पहिले रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने आणि कमरेला बाळगणाऱ्याने एलसीआर घ्यावे, जमल्यास .३५७ च्या जड चौकटीतले. खिशातच ठेवायचे ठरले असेल आणि चापावर मेहनत घेण्याची तयारी असेल, तर कुलुपाविनाचे ६४२. धक्क्याची भीती असेल, तर ६३२ अल्टिमेट कॅरी, जरी त्यासाठी काडतुसे शोधत फिरावे लागले तरी. खरेदीआधी भाड्याने हत्यारे देणाऱ्या रेंजवर निदान दोन मॉडेल झाडून पाहावीत. तिथे लागणारे चाळीस-पन्नास डॉलर चुकीच्या खरेदीपेक्षा स्वस्त पडतात.

पैशांचा हिशेब करताना हत्यारापाशी थांबू नये. चांगले होल्स्टर, सरावाची काडतुसे आणि परवान्याचा वर्ग यांत सहज दोन-तीनशे डॉलर जातात. त्यात घरी ठेवण्याची पोलादी, चटकन उघडणारी कुलूपबंद पेटी आधी धरावी. मुले असलेल्या घरात ती अनिवार्यच आहे, पण मुले नसलेल्या घरातही ती हवी. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि घरातले कुणी मनाने खचलेले असेल, तर त्या काळात हत्यार घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे किंवा ते साठवून ठेवणाऱ्या दुकानाकडे कायदेशीरपणे सोपवावे. काही रेंज आणि दुकाने ही सोय देतात; आपल्या गावात ती कोण देते, हे हत्यार घेण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे.